सुकतीची कॅसेट

मनिषा डोर्लेकरच्या बेड्याशी, म्हणजे आवाराच्या फाटकाशी, उभं राहून तुम्ही एकदाच हाक मारलीत, तर सरळ आपल्या वाटेला लागा. बाई ओ देणार नाही. पडवीत सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, निवडत बसली असेल, अगदी तुमच्याकडे तोंड करून बसली असेल, तरी नाही. दुसऱ्या हाकेला ती मान वर करील. तिसरी आली की मग, "कोण रे?" आणि एकदा तुम्हाला आत घेतलं की पाणी काय, चहा काय, भाजलेला बांगडा काय, पाहुणचारात कसूर नाही.

नवा गॅसवाला आला तेव्हा बिचारा दोन वेळा भरलेला सिलिंडर परत घेऊन गेला. ग्रामपंचायतीचा शिपाई बेडं दिसलं की आधी घसा साफ करून घेतो. मनिषाची भाची राही, म्हणजे थोरल्या भावाची, खंडूची मुलगी, जयगडच्या पोर्टवर ऑफिसात कामाला आहे आणि आत्याकडेच राहते. ती संध्याकाळी स्कूटर लावता लावता एका दमात "आत्ये-आत्ये-आत्ये" करते आणि मोकळी होते. "तीन झाल्या गो, मोजून घे," असंही वर म्हणते. मनिषा हसत नाही. तिने खरंच मोजलेल्या असतात.

हा नियम काही तिच्या डोक्यातून निघालेला नाही. खाडीकाठच्या घरांत पूर्वी सगळेच तो पाळायचे. भरदुपारी नाहीतर तिन्हीसांजेला बाहेरून नावाने हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारील. जे माणूस नाही ते एकदाच मारतं, आणि त्याला ओ दिली की त्याच्यामागून जावं लागतं. पुढे मोबाइल आले, हाका मारायचं कामच उरलं नाही आणि लोक नियम विसरून गेले. मनिषा विसरली नाही. का विसरली नाही ते गावात जुन्या माणसांना ठाऊक आहे, पण तिच्यासमोर तो विषय काढायची कुणाची छाती नाही.

तर अशा घराच्या बेड्याशी ऋत्विक आला आणि पुण्याच्या सवयीने हळूच एकदा "मावशी?" म्हणाला. मूळचा चिपळूणचा पोरगा, पण पुण्यात राहून आवाज हळू झालेला. सिनेमा-मालिकांचे आवाज साफ करून द्यायचं काम करतो. अर्धा तास तो उन्हात उभा. समोर पडवीत बाई बसलेली, त्याच्याकडे बघतेय आणि हूं की चूं नाही. त्याला वाटलं, ऐकू येत नसेल. शेवटी सुट्टीचा दिवस म्हणून बाजारात गेलेली राही परत आली.

"एकदाच हाक मारलीत ना?" ती म्हणाली. "मारा अजून दोन. लाजू नका."

त्याने मारल्या. मनिषा उठली, पदराला हात पुसले, म्हणाली, "ये रे बाबा. उन्हात कशाला उभा ऱ्हायलास?"

राहीला हसू आवरेना. पण पोरगा पडवीत बसला, त्याने पिशवीतून एक कॅसेट काढून पुढे ठेवली, आणि आत्याचा चेहरा बघून राहीचं हसू तिथेच विरलं.

कॅसेटच्या कव्हरवर काळापांढरा फोटो होता. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात बसलेली होडी आणि होडीत आडवी ठेवलेली गिटार. वर हाताने काढलेली अक्षरं: सुकती. खाली बारीक टाइपात, गीत, चाल, गिटार, आवाज: गुरुप्रसाद डोर्लेकर.

"माझ्या बाबांचं चिपळुणात कॅसेटचं दुकान होतं," ऋत्विक सांगू लागला. "एकवीसच्या पुरात सगळं गेलं. चिखलाने भरलेली दोन पोती मी घरी आणली आणि एकेक कॅसेट धुऊन, वाळवून लावून बघितली. बाकीची सगळी कुठे ना कुठे मिळतात मावशी. ही कुठेच मिळत नाही. या माणसाबद्दल कुणाला काही ठाऊकच नाही. नुसतं आडनाव धरून विचारत विचारत इथवर आलो. एकटा माणूस, एक गिटार, आणि गाणी अशी की..."

मनिषा उठून घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात सोड्यांचं अर्धा किलोचं पाकीट होतं.

"हे घे," ती म्हणाली. "आणि ती मला दे."

ऋत्विक बघतच राहिला. त्याला काय माहीत की याच दराने मनिषाने आजवर सत्तेचाळीस कॅसेटी गोळा केल्या आहेत! दोनशे निघाल्या होत्या. दीडशे विकल्याच गेल्या नव्हत्या, त्या घरातच होत्या. उरलेल्या पन्नासांच्या मागे ती एसटीने फिरली. गुहागरला गेली, साखरप्याला गेली, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्या चढून एका निवृत्त मास्तरांचं घर शोधून काढलं. दारात उभी राहायची, सोडे पुढे करायची आणि म्हणायची, तुमच्याकडे माझ्या भावाची कॅसेट आहे ती द्या. लोकांना वाटायचं, भावाची आठवण म्हणून नेते. द्यायचे बिचारे. त्या सगळ्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत कुलूप लावून ठेवलेल्या आहेत. ‘सुकती’ जगात कुणाला माहीत नाही, ते काही उगीच नाही. बहिणीनेच ती वेचून वेचून गडप केली.

गुरू म्हणजे गुरुप्रसाद मनिषाहून पाच वर्षांनी मोठा. मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवर दोन हंगाम गेला आणि तिथे एका गोवेकर खलाशाला आपला रेडिओ देऊन त्याची गिटार घेऊन आला. गोदूबाईने, म्हणजे त्यांच्या आईने, कपाळावर हात मारला. रेडिओवर निदान बातम्या तरी लागायच्या! देवळात एकदा तो गिटार घेऊन बसला तर खंडू सगळ्यांदेखत ओरडला, "भजन म्हण नायतर नमनाच्या खेळात मृदंग धर. हे मधलंच काय काढलंस?" पण गुरूला मधलंच पाहिजे होतं. चाल नमनातली, ठेका वल्ह्याचा आणि गिटार त्या गोवेकराची. शब्द त्याचे स्वतःचे. मासळीच्या पाट्या वाहून पाठीत पोक आलेल्या आईवर त्याने गाणं केलं, कातळावरच्या एकुलत्या एका झाडावर केलं. गावाला काही ती गाणी कळली नाहीत. कळली दोघांना. एक मनिषा, आणि दुसरा अनिल.

अनिल पलीकडच्या तवसाळचा. गुरूचा जिवलग. खाडी ओलांडून यायचा तेव्हा होडीतूनच हाका मारत यायचा, "गुऱ्याऽऽ!" आणि गुरू इकडून ओ द्यायचा. मनिषाला सगळे मनी म्हणायचे. अनिल एकटा मने म्हणायचा, तेही आजूबाजूला कुणी नसताना. देवदिवाळी झाली की दोन्ही घरची बोलणी होणार होती. मनिषा तेव्हा एकवीस वर्षांची होती.

गाणी टेप केली ती याच घराच्या माळ्यावर. भिंतींना गोधड्या टांगल्या, मधे गुरू, आणि टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबायला मनिषा. सात गाणी झाली. आठवं, शेवटचं, कार्तिकी अमावास्येला दुपारी करायचं ठरलं, कारण दुसऱ्या दिवशी देवदिवाळी, सगळं गाव देवळाकडे साफसफाईला, घरात आणि किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. उधाणाची भरती भरून गेली होती आणि नुकती सुकती लागली होती. गाणंही सुकतीचंच होतं.

पाणी निघालं, जाऊ दे त्याला
काठाने कुणाला धरून ठेवलंय?

एवढं म्हणून झालं आणि बाहेरून हाक आली. खालून, पाण्यावरून. "गुऱ्याऽऽ!"

गुरूची बोटं थांबली. आवाज अनिलचा होता. आणि अनिल तर मिरकरवाड्याला ट्रॉलरवर, अजून चार दिवस यायचा नव्हता. अमावास्या, भरदुपार, गाव रिकामं, आणि जो इथे नाही त्याच्या आवाजात हाक! गुरू खिडकीकडे वळला होता, त्याचं तोंड उघडलंही होतं. तिने झडप घालून त्याचा दंड धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. नको. एकच आहे. थांब.

दोघं दुसऱ्या हाकेची वाट बघत थांबली. मनिषाला आजही वाटतं, खूप वेळ थांबली. मग तिने गिटारीकडे बोट केलं, म्हण. आणि गुरू पुढचं म्हणू लागला, जरा मोठ्यानेच. भीती वाटली की माणूस मोठ्याने गातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीच्या मुखाशी रिकामी होडी सापडली, एक वल्हं मोडलेलं. ट्रॉलरचं इंजिन बिघडलं म्हणून अनिल चार दिवस आधी घरी आला होता आणि शेवटचं गाणं ऐकायला म्हणून एकटाच खाडी ओलांडायला निघाला होता. उधाणाच्या सुकतीने होडी ओढली. तिसऱ्या दिवशी तो मिळाला.

मनिषाने जेवण टाकलं. कुणाशी बोलेना. पाचव्या दिवशी तिने आईला सगळं सांगितलं, आणि गोदूबाईने लेकीला जवळ घेऊन सांगितलं, "ज्याने त्याला नेलं ना गो, तेच त्याचा आवाज घेऊन आपल्या दारात आलं. एकच हाक होती. तू ओ देऊ दिली नाहीस म्हणून तुझा भाऊस वाचला."

या एका वाक्यावर मनिषाने एकोणतीस वर्षं काढली. ते वाक्य खरं असेल तर तिने भावाला वाचवलं. ते खोटं असेल तर अनिल बुडताना हाक मारत होता आणि तिने भावाचा दंड धरून ठेवला होता. मधलं काही नाही. म्हणून तर ती गॅसवाल्यालाही तीन हाका मारायला लावते. नियम एकदा का ढिला पडला तर तिच्या पायाखालची जमीनच जाईल.

गुरू त्यानंतर फारसा बोललाच नाही. टेप घेऊन मुंबईला गेला, दोनशे कॅसेटी काढल्या. शेवटच्या गाण्यात ती हाक होती. कॅसेटवाला म्हणाला, एवढं कापू या. गुरू म्हणाला, कापायचं नाही. शिमग्याला पेट्या घेऊन घरी आला, मूळ टेप मनिषाच्या हातात दिली आणि म्हणाला, "ही जपून ठेव. ऐकू नको." पुढच्या अमावास्येला भरदुपारी होडी घेऊन गेला. होडी सापडली. तो नाही.

"हाकेकडे मान वळवली होती त्याने," गोदूबाई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. गाव म्हणालं, हाकेने नेला. मनिषाला ते पटलं. पटायलाच पाहिजे होतं. आणि मग तिच्या मनात आलं की ती हाक आता दोनशे कॅसेटींत आहे, लोकांच्या घरात आहे. कुणी भरदुपारी लावली आणि कुठल्या गुऱ्याने ओ दिली तर? तेव्हापासून ती सोडे घेऊन फिरू लागली.

ऋत्विकला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला फक्त गाणी पाहिजे होती.

"मावशी, मी ही विकायला नाही आलो. लोकांना ऐकवायची आहेत. मूळ टेप असेल तर फार स्वच्छ काढता येईल."

"नाय," मनिषा म्हणाली.

ऋत्विकने फोनवर पहिलं गाणं लावलं, पाट्या वाहणाऱ्या आईचं. मनिषा ताडकन उठली, पण राही मधे आली. राहीचे डोळे भरले होते. "हा काका? आत्ये, मी त्याचा आवाज कधी ऐकलाच नव्हता गो. घरात दीडशे कॅसेटी आणि एक मला ऐकू दिली नाहीस!"

मनिषा उभ्याची बसली. गाणं संपेपर्यंत तिने खांब धरून ठेवला होता. आईच्या पाटीतून पाणी ठिबकतंय, असं गुरू म्हणत होता आणि त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. किती वर्षांनी! तिला भाऊ आठवला, हाक नाही, नुसता भाऊ, मांडी घालून बसलेला. मग म्हणाली, "तुझ्या त्या यंत्राने आवाज पुसता येतो?"

"येतो की. कुठला?"

"शेवटच्या गाण्यात मधेच हाक हाय. ती पूस. अशी पूस की कुणाला कधी ऐकू येता नये. मग ने टेप."

"कायमची पुसतो," तो म्हणाला. हसत म्हणाला. बाईंना गाण्यात मधेच बाहेरचा आवाज नको असणार, एवढंच त्याला वाटलं.

टेप त्याच्या पिशवीत गेली आणि मनिषाला हलकं वाटलं. खोटं कशाला सांगा, त्या संध्याकाळी तिने बांगड्याचं तिखलं केलं आणि राहीला आग्रह करकरून वाढलं. आता ती हाक जगातूनच जाणार होती. पुरावा म्हणून काही उरणार नव्हतं, इकडचा नाही की तिकडचा नाही.

पंधरा दिवसांनी ऋत्विक आला. दुपारचा दीड वाजला होता. त्या दिवशी तिथी कोणती, खाडीला सुकती कधी लागली, हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मनिषाला ठाऊक होतं. पण पोराने बेड्याशी उभं राहून "मावशी, मावशी, मावशी!" अशा तीन खणखणीत हाका मारल्या आणि तिला बरं वाटलं. राही घरीच होती. तिने चहा टाकला.

ऋत्विकने लॅपटॉप उघडला. खुशीत होता. "मावशी, काय टेप ठेवलीये तुम्ही! कॅसेटवर निम्मंसुद्धा आलेलं नव्हतं. ती हाक काढायची म्हणून मी गिटार वेगळी केली, गळा वेगळा केला, खाली नुसता बाहेरचा आवाज उरला. पाणी, कावळे, सगळं. त्यातली हाक पुसली. आता विचारायचं एवढंच की पुढच्या दोनही पुसायच्या का?"

"कुठल्या दोन?" मनिषाने विचारलं.

"पुढच्या. पहिली हाक झाली की ते थांबतात ना, अकरा सेकंद? मग परत गायला लागतात. गायला लागल्यावर लगेच दुसरी आहे. तेच नाव, पण लांबून. गाण्याखाली दबून गेली, म्हणून तुम्हाला कधी ऐकू आली नसेल. आणि मग तिसरी, अगदीच लांबून. तिसरीत नाव वेगळं आहे. कुणीतरी ‘मने’ म्हणतंय. मने कोण?"

राही चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली. तिने हे नाव कधी ऐकलं नव्हतं, पण आत्याचा हात बघितला. सुपातले सोडे खाली सांडत होते आणि हात तसाच हवेत होता.

"ऐकव," मनिषा म्हणाली.

"आत्ये, राहू दे ना."

"ऐकव म्हटलं ना!"

ऋत्विकने घाबरून हेडफोन तिच्या कानाला लावले. राहीला काहीच ऐकू येत नव्हतं. तिला दिसत होती ती फक्त आत्या, डोळे मिटून ताठ बसलेली. एकदा तिची मान हलली. मग थोड्या वेळाने परत. मग बराच वेळ काही नाही, आणि मग आत्याने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर असे दाबले की बोटं पांढरी पडली.

"तीन मारल्या गो त्याने," ती म्हणाली. "मोजून तीन. त्याने नियम पाळला. आम्ही थांबलो नाय. माझीच घाई. मीच म्हटलं गुरूला, गा म्हणून. गाण्याने झाकून टाकला आम्ही त्याचा आवाज. मला हाक मारली गो राही, माझं नाव घेऊन मारली, आणि मी इथे बसून त्याच्यावर गाणं घातलं!"

रडत नव्हती ती. रडली असती तर बरं झालं असतं. राहीने ट्रे खाली ठेवला आणि तिला पाठीमागून मिठी मारली. ऋत्विक बिचारा कावराबावरा झाला होता. आपण काय केलं तेही त्याला कळेना. पण पोरगा प्रामाणिक. हातात आहे ते लपवून ठेवावं असं त्याला वाटलं नाही.

"मावशी, अजून एक आहे. गाण्यानंतर टेप बराच वेळ कोरी आहे. अगदी शेवटाला तुमचे भाऊ काहीतरी बोलतात. दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी टेप केलंय, मागचा आवाज वेगळा आहे. कॅसेटवर हे नाहीये. मला अर्थ लागला नाही. ऐकवू?"

या वेळी त्याने हेडफोन काढून आवाज मोकळा सोडला. पडवीत पहिल्यांदा नुसती खरखर झाली. मग गुरू बोलला, अगदी हळू, शेजारी बसून बोलावं तसा.

"अनल्या, मी टेप ऐकली. तिन्ही ऐकल्या. तुझा आवाज मी पहिल्याच हाकेला ओळखला होता रे. मनीने धरलं म्हणून नाय, मीच भ्यालो. तिला तिसरीचं सांगितलं नाय मी. कधी सांगणार नाय. तू आता तिला परत हाक मारू नको. मी येतो."

खरखर. मग बटण बंद झाल्याचा टक्क आवाज.

खाली खाडीचं पाणी निघालं होतं. खडपं उघडी पडू लागली होती. गुरूला कुणी नेलं नव्हतं. तो आपल्या पायांनी गेला होता, बहिणीच्या वाट्याची हाक आपल्या अंगावर घेऊन. आणि बहीण एकोणतीस वर्षं त्याची कॅसेट लोकांच्या घरांतून उचलून कुलपात घालत होती. मनिषाला हे सगळं एकदम कळलं, आणि आता मात्र तिचा बांध फुटला. ती अशी रडली की शेजारची सानिका दगडी गडग्यावरून वाकून बघायला आली. राहीने तिला हातानेच जा म्हणून सांगितलं.

बऱ्याच वेळाने मनिषाने तोंड धुतलं. ऋत्विक लॅपटॉप मिटून निघायच्या बेतात होता.

"मावशी, तिन्ही पुसतो मी. आजच पुसतो. माझं चुकलंच."

"काय एक पुसायचं नाय," ती म्हणाली. "पुसलेली परत घाल. तिन्ही ऱ्हाऊ देत. वर काढ त्यांना, लोकांना ऐकू येतील अशा. गुरूचं शेवटचं बोलणं तेवढं आमच्या घरात ऱ्हाऊ दे, ते काय लोकांसाठी नाय." मग म्हणाली, "आणि मला ती पहिली हाक लाव. फक्त पहिली. पुढे गेलास तर बघ. मोठ्याने लाव."

"आत्ये, कशाला गो आता?"

"लाव रे."

त्याने लावली. गिटार नाही, गाणं नाही, नुसतं पाणी आणि कावळे. आणि त्या पाण्यावरून सव्वीस वर्षांचा एक तरुण मुलगा जिवाच्या आकांताने ओरडला, "गुऱ्याऽऽ!"

मनिषा पडवीच्या कडेला गेली, खाडीकडे तोंड केलं आणि दुसऱ्या हाकेची वाट न बघता, पोटातून, पलीकडे तवसाळपर्यंत जाईल अशी ओ दिली.

गडग्यापलीकडे सानिकाच्या हातातलं भांडं पडलं. अमावास्येची दुपार, मनीआत्याने एका हाकेला ओ दिली! बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. रात्रभर राही आत्याच्या अंथरुणाला अंथरूण लावून झोपली. मध्येच उठून आत्याच्या नाकाशी हात धरून श्वास बघायची. सकाळी मनिषा नेहमीसारखी उठली, सुपं काढली, सोडे वाळत घातले. तिला न्यायला कुणी आलं नव्हतं.

‘सुकती’ आता फोनवर ऐकता येते. फार कुणी ऐकत नाही, ऋत्विक म्हणतो, पण जे ऐकतात ते परत परत ऐकतात. शेवटच्या गाण्यातल्या त्या तीन हाका मुद्दाम घातल्यात असं त्यांना वाटतं. ट्रंकेतल्या कॅसेटी राहीने माळ्यावरून खाली आणल्या. मागायला कुणी आलं की मनिषा एक देते, सोडेही देते.

गॅसवाला आता एकदाच हाक मारतो आणि आतून लगेच ओ येते. राहीची जुनी सवय जात नाही. ती अजून एका दमात तीन मारते आणि पहिलीलाच उत्तर आलेलं असतं. दुपारी मात्र सुट्टीच्या दिवशी राही घरात असली की तिच्या एक गोष्ट लक्षात येते. बाहेर कुणी नसतं, बेड्याशी नाही, गडग्याशी नाही, खाली नुसतं पाणी निघालेलं असतं आणि सोडे निवडता निवडता आत्या मान वर न करता म्हणते, "ओ."